फायलीच्या डोक्यावरचा लायसन्स टॅग: तपासायचं काम मशीनच्या गळ्यात कसं घालायचं

रेपोत, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवायच्या जागेत, लायसन्स नावाची एक फाइल टाकली की विषय संपला असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि प्रोजेक्ट चार मित्रांपुरता असेल तोवर ते खपूनही जातं. पण कोड एका जागी बसत नाही. कुणीतरी तुमची एकच फाइल उचलतं, स्वतःच्या प्रोजेक्टात नेऊन टाकतं, लायसन्सची फाइल मागंच राहते आणि दोन वर्षांनी ती फाइल कुणाची, कुठल्या अटीवर दिलेली हे कुणालाच सांगता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एकच ठरलेली ओळ, माणसाला वाचता येईल अशी आणि मशीनलाही. ओळ लिहिणं सोपंय. ती सगळ्या फायलींत कायम राहील आणि कुणी चुकीची लिहिली तर त्याच दिवशी कळेल हे बघत बसणं कंटाळवाणंय, आणि असलं काम माणसावर सोडलं की आठवडाभर होतं, मग बंद पडतं.

खाली टॅग आणि कमांडी मी देवनागरीतच लिहिल्यात, टर्मिनलवर मात्र अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो तिथं तसं सांगतो.

उदाहरणाला आपल्या सांगलीचंच घेऊ. पावसाळ्यात इथं रिक्षावाल्यापासून मास्तरापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, आयर्विन पुलाला किती फूट? तर समजा पोरांनी मिळून पाणीपातळी नावाचा प्रोजेक्ट केलाय. पायथॉनच्या काही फायली कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी उचलतात, एक जावास्क्रिप्टचं पान ते दाखवतं, ओपनस्ट्रीटमॅपमधून काढलेली नदीकाठच्या वाड्या-रस्त्यांची जिओजेसन फाइल आहे, मराठी आकडे नीट दिसावेत म्हणून नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट घातलाय, आणि पुलाचे चार फोटो. एवढासा प्रोजेक्ट, पण लायसन्सचे सगळे प्रकार यात येऊन जातात.

टॅग म्हणजे नेमकं काय

एसपीडीएक्स हे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचं काम. त्यांनी लायसन्सची एक यादी ठेवलीय आणि प्रत्येकाला एक छोटं ठरलेलं नाव दिलंय. आपण फाइलमध्ये एवढंच लिहायचं:

# एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर: एमआयटी

एमआयटी हे त्या यादीतलंच एक लायसन्स. ही पद्धत सोर्स फायलींत आधी यू-बूट या बूटलोडर प्रोजेक्टनं २०१३ मध्ये आणली. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये लिनक्स कर्नलची ४.१४ आवृत्ती आली, तिच्यात हजारो फायलींना हा टॅग एकदम लावला गेला आणि तिथनं ही गोष्ट सगळीकडं पसरली. त्याआधी कर्नलमध्ये काय अवस्था होती, तर जीपीएल या लायसन्सचा तोच मजकूर शेकडो वेगवेगळ्या शब्दांत, कुठं दोन ओळी, कुठं वीस, आणि कित्येक ठिकाणी जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा बॉस्टनचा जुना पत्ता, फाउंडेशननं जागा बदलली तरी फायलींत तसाच राहिलेला. असला मजकूर मशीननं कसा वाचायचा? पुढं २०२१ मध्ये एसपीडीएक्स हे आयएसओ स्टँडर्ड पण झालं, ५९६२ क्रमांकाचं, त्यामुळं आता मोठ्या कंपन्या सॉफ्टवेअर घेताना याच भाषेत माहिती मागतात.

नावं लिहिताना लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. जीपीएलव्ही३ हे एसपीडीएक्सचं नाव नाही. नुसतं जीपीएल-३.० पूर्वी होतं पण आता ते जुनं म्हणून बाद धरलंय, कारण फक्त तीच आवृत्ती का नंतरची पण चालेल हे त्यातनं कळत नाही. आता जीपीएल-३.०-ओन्ली नाहीतर जीपीएल-३.०-ऑर-लेटर असं स्पष्ट लिहायचं. अपाचीचं अपाची-२.०, मधे डॅश, स्पेस नाही. नुसतं बीएसडी चालत नाही, बीएसडी-२-क्लॉज का बीएसडी-३-क्लॉज ते सांगा. एका फाइलला दोन लायसन्स असतील तर मधे अँड किंवा ऑर, आणि अपवाद जोडायचा असेल तर विथ. हे तिन्ही शब्द कॅपिटलमध्येच. अँड आणि ऑरमध्ये गल्लत करू नका. ऑर म्हणजे घेणारा दोन्हीतलं एक निवडेल, अँड म्हणजे दोन्हीच्या अटी पाळाव्या लागतील.

टॅग लावायच्या आधी: कोड कुणाचा?

हे कुठलंच टूल करून देत नाही, आणि नेमकं हेच लोक सोडून देतात. टॅग तपासणारं मशीन तलाठ्यासारखं आहे, सातबाऱ्यावर नाव लिहिलंय का आणि शुद्ध लिहिलंय का एवढं सांगेल, जमीन खरंच तुमची का ते भावकीलाच विचारावं लागतं.

आधी रेपोतल्या फायलींची यादी काढा, कोडातले बदल नोंदवणाऱ्या गिट या टूलची गिट एलएस-फाइल्स ही कमांड ती देते. मग गठ्ठे पाडा. आपण स्वतः लिहिलेलं वेगळं, कुठून तरी आणलेलं वेगळं, कोड नसलेलं वेगळं.

स्वतः लिहिलेल्यात पण एक प्रश्न असतोच. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय, आणि कलम १७ प्रमाणं नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्याचा पहिला मालक नोकरी देणारी कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. म्हणजे पुण्याला नोकरी करणाऱ्या एखाद्यानं ऑफिसच्याच कामातला एक तुकडा आणून पाणीपातळीत चिकटवला असेल तर त्या तुकड्याला एमआयटी टॅग लावायचा हक्क त्याला नाही. आधी विचारा. अवघड वाटलं तरी विचाराच.

आणलेल्या कोडात सगळ्यात वरचा नंबर स्टॅक ओव्हरफ्लोचा. तिथली उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए लायसन्सखाली असतात, २ मे २०१८ पासूनची ४.० आवृत्तीखाली, त्याआधीची ३.० नाहीतर २.५. दोन ओळींचं काय एवढं नसतं, पण चाळीस ओळींचं फंक्शन जसंच्या तसं उचललं आणि वर एमआयटी लिहिलं तर तो टॅग खोटा आहे आणि सगळ्या तपासण्यांमधनं तो हिरवा होऊन बाहेर पडेल. असं फंक्शन नव्यानं लिहून काढा, तेच बरं.

आपल्या उदाहरणात शेवटी असं बसतं: पायथॉन आणि जावास्क्रिप्ट एमआयटी, नकाशाचा डेटा ओडीबीएल-१.०, फॉन्ट ओएफएल-१.१, फोटो ज्यानं काढले त्याला विचारून सीसी-बाय-४.०.

ओळ कुठं लिहायची

पहिल्या ओळीत, जमेल तिथं. पण प्रत्येक भाषेचे नखरे असतात. शेल किंवा पायथॉन स्क्रिप्टमध्ये शेबँग (स्क्रिप्ट कशानं चालवायची ते सांगणारी ओळ) असेल तर ती पहिलीच ओळ लागते, टॅग तिच्याखाली. पायथॉनमध्ये एन्कोडिंगची ओळ असेल तर ती पहिल्या दोन ओळींतच असावी लागते, म्हणजे शेबँग, एन्कोडिंग आणि मग तिसऱ्या ओळीत टॅग. एक्सएमएलमध्ये घोषणेची ओळ आधी. सीएसएसला स्लॅश-स्टारवाली कॉमेंट, एसक्यूएलला दोन डॅश. कर्नलवाले सीच्या फाइलमध्ये डबल स्लॅश वापरतात पण हेडर फाइलमध्ये स्लॅश-स्टार, कारण काही हेडर असेंब्लरच्या फायलींत पण घेतले जातात आणि तिथली जुनी टूलं डबल स्लॅशला अडखळायची.

टॅगच्या वर किंवा खाली कॉपीराइटची ओळ पण घाला. आपली पातळी मोजणारी फाइल अशी दिसेल:

# एसपीडीएक्स-फाइलकॉपीराइटटेक्स्ट: २०२४ पाणीपातळीचे योगदानकर्ते
# एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर: एमआयटी

इशारा = ४०
धोका = ४५

फाइलकॉपीराइटटेक्स्ट हा इंग्रजीत सलग एकच शब्द आहे, त्यातल्या तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल, मधे डॅश नाही. पहिल्यांदा करणारे इथं हमखास डॅश घालतात.

टूल नसताना पहिली झाडाझडती

काही इन्स्टॉल करायच्या आधी एक साधी कमांड मारा: गिट ग्रेप डॅश कॅपिटल एल, पुढं कोटमध्ये एसपीडीएक्स-लायसन्स-आयडेंटिफायर. डॅश कॅपिटल एल म्हणजे ज्या फायलींत हा मजकूर नाही त्यांची यादी दे. पुढं दोन डॅश देऊन फक्त पायथॉनच्या फायली असा नमुना दिला की यादी आवरती येते. पहिल्यांदा ही यादी लांबलचक निघणार, घाबरायचं नाही, कुठून सुरुवात करायची तेवढं कळतं.

बरेच जण इथंच थांबतात आणि हीच कमांड सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाला सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत, टाकून मोकळे होतात. माझ्या मते हे अर्धं काम. ग्रेपला ओळ दिसली की तो खूश, पुढं एमआयटी लिहिलंय का एमटीआय हे त्याला कळत नाही. शिवाय ही तपासणी ज्या स्क्रिप्टमध्ये लिहिलीय त्या स्क्रिप्टमध्येच तो मजकूर असतो, त्यामुळं ती स्क्रिप्ट टॅग नसतानाही पास होते. म्हणून पुढचं.

रियूज नावाचं टूल

एफएसएफई, म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप, या संस्थेनं २०१७ मध्ये रियूज नावाचा उपक्रम काढला, त्याचे नियम आणि त्याचं टूल दोन्ही फुकट आहेत. नियम तसे तीनच. प्रत्येक फाइलला लायसन्स आणि कॉपीराइटची माहिती हवी, वापरलेल्या प्रत्येक लायसन्सचा पूर्ण मजकूर लायसेन्सेस नावाच्या फोल्डरमध्ये हवा, आणि हे सगळं मशीनला वाचता यायला हवं. फोल्डरचं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये आणि अनेकवचनी.

इन्स्टॉल करायला पिपएक्स इन्स्टॉल रियूज. पिपएक्स एवढ्यासाठी की टूल स्वतःच्या वेगळ्या कोपऱ्यात राहतं, तुमच्या प्रोजेक्टच्या लायब्रऱ्यांत लुडबुड करत नाही.

मग टॅग लावणं. रियूज ॲनोटेट, पुढं डॅश डॅश कॉपीराइट आणि नाव, डॅश डॅश लायसन्स एमआयटी, शेवटी फायलींची नावं. फाइलच्या एक्स्टेन्शनवरनं कॉमेंटची पद्धत टूल स्वतःच ओळखतं, शेबँगच्या खाली ओळ टाकायची हे पण त्याला कळतं. एक गोष्ट नीट बघा: वर्ष दिलं नाही तर ते चालू वर्ष घालतं. २०२१ च्या महापुरात लिहिलेल्या फाइलवर आजचं वर्ष पडतं. म्हणून डॅश डॅश इयर देऊन खरं वर्ष सांगा, किंवा वर्षच नको असेल तर डॅश डॅश एक्स्क्लूड-इयर. आणि ही कमांड सगळ्या फोल्डरवर एका दमात मारू नका, वर गठ्ठे पाडले ते याचसाठी. कॉमेंट कशी लिहायची हे न कळणारी फाइल आली तर टूल अडतं, तेव्हा डॅश डॅश फॉलबॅक-डॉट-लायसन्स दिलं की शेजारी वेगळी फाइल तयार करतं.

लायसन्सचे मजकूर हातानं शोधत बसू नका. रियूज डाउनलोड डॅश डॅश ऑल म्हटलं की टॅगमध्ये जी नावं आलीत त्यांचे मजकूर ते आणून ठेवतं.

आता मुख्य कमांड, रियूज लिंट, सगळ्या फायली तपासून रिपोर्ट देणारी. हिचा रिपोर्ट वाचायला शिका, कारण पोरं खालची एक ओळ बघतात आणि वरचं सोडून देतात. बॅड लायसन्सेस म्हणजे यादीत नसलेलं नाव, बहुतेक वेळा टायपिंगची चूक. डेप्रिकेटेड म्हणजे ते जुनं जीपीएल-३.० वगैरे. मिसिंग म्हणजे टॅगमध्ये नाव आहे पण फोल्डरमध्ये मजकूर नाही. अनयूज्ड म्हणजे उलटं, मजकूर पडलाय पण कुठलीच फाइल तो वापरत नाही, आणि हा दिसला की जरा थांबून विचार करा, कारण पुष्कळदा कुणीतरी टॅग बदलल्याची ही पहिली खूण असते. फोल्डरमध्ये ओएफएल-१.१ चा मजकूर आहे आणि तो कुणीच वापरत नाही असं दिसलं तर फॉन्ट काढलाय का, का कुणी सरसकट कमांड मारून फॉन्टवर पण एमआयटी चिकटवलंय? दुसरी शक्यता जास्त.

कुठल्याच यादीत नसलेलं लायसन्स असेल, म्हणजे एखाद्या सरकारी खात्याच्या डेटाच्या स्वतःच्या अटी, तर लायसन्सरेफ आणि डॅश लावून आपण नाव ठेवायचं आणि त्याच नावानं अटींचा मजकूर फोल्डरमध्ये टाकायचा.

रिकाम्या फायली, गिटनं दुर्लक्षित केलेल्या फायली, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणाऱ्या नुसत्या खुणा), सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे रेपो) हे लिंट मुळात बघतच नाही. सबमॉड्यूल बघायचे असतील तर वेगळा पर्याय द्यावा लागतो.

ज्यांच्यात कॉमेंट बसत नाही त्या फायली

फोटो, फॉन्ट, जेसन. जिओजेसनमध्ये कॉमेंट घातली तर फाइलच मोडते. दोन रस्ते आहेत. एक, त्याच नावापुढं डॉट लायसन्स लावून शेजारी छोटी फाइल, म्हणजे नदीकाठ डॉट जिओजेसन डॉट लायसन्स, आत त्याच दोन ओळी. दोन, रेपोच्या मुळाशी रियूज डॉट टॉमल नावाची फाइल, पहिला शब्द कॅपिटलमध्ये, आणि तिच्यात लिहायचं की फोटोच्या फोल्डरमधलं सगळं या लायसन्सचं, फॉन्टच्या फोल्डरमधलं त्या. जुन्या लेखांत डीईपी५ नावाची फाइल सांगितलेली सापडेल, ती आता मागं पडलीय, नव्यानं करताय तर टॉमलच घ्या.

टॉमलमध्ये एक पळवाट आहे आणि ती सगळ्यांना लगेच सापडते: दोन स्टार टाकून अख्ख्या रेपोला एकच लायसन्स जाहीर करायचं. लिंट लगेच अभिनंदन करतं. पण मग फॉन्ट पण एमआयटी, नकाशा पण एमआयटी, आणि उद्या कुणी जीपीएलची फाइल आणून टाकली, तिच्यावर टॅग नसला तर ती पण गुपचूप एमआयटी. तपासणीच उरली नाही की मग. फोल्डरपुरतंच वापरा.

आणखी एक किरकोळ पण डोकं खाणारी गोष्ट. वाचा-मला (रीडमी) फाइलमध्ये तुम्ही नव्या लोकांना टॅग कसा लिहायचा ते समजावता, आणि लिंट ते उदाहरण खराच टॅग समजून वाचतं. अशा भागाच्या आधी रियूज-इग्नोरस्टार्ट आणि नंतर रियूज-इग्नोरएंड अशा कॉमेंटी घातल्या की तेवढा भाग ते सोडून देतं.

आता दारावर पहारा

पहिला पहारा स्वतःच्या मशीनवर. प्री-कमिट (कमिट, म्हणजे गिटमध्ये बदल नोंदवायच्या आधी तपासण्या चालवणारं टूल) वापरत असाल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एफएसएफईच्या रियूज-टूल रेपोचं नाव, एक ठराविक आवृत्ती आणि हुकचं नाव रियूज, एवढं लिहा. कमिट करतानाच अडवेल. पण नो-व्हेरिफाय देऊन कुणीही याला बगल देऊ शकतं, आणि घाईत देतातच, म्हणून खरा पहारा सर्व्हरवर.

गिटहबवर असाल तर वर्कफ्लोजच्या फोल्डरमध्ये एक वायएमएल फाइल, त्यात पुश (कोड वर पाठवणं) आणि पुल रिक्वेस्ट (माझा बदल मुख्य कोडात घ्या ही विनंती) दोन्हीवर चालू हो असं सांगायचं, आणि दोनच पायऱ्या: चेकआउट आणि एफएसएफईची रियूज-ॲक्शन. गिटलॅबवर एफएसएफईचीच डॉकर इमेज (टूल आत तयार असलेला डबा) घेऊन रियूज लिंट. लिंटला काही खटकलं तर ते शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड देतं आणि जॉब लाल होतो, वेगळं काही लिहावं लागत नाही. मग ब्रँच प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये जाऊन हा जॉब पास झाल्याशिवाय मर्ज नाही, म्हणजे बदल मुख्य कोडात मिसळायचा नाही, अशी अट घाला. ही पायरी विसरली की लाल फुली दिसत राहते आणि लोक तरीही मर्ज करत राहतात. नंतर जॉबचं नाव बदललंत तर अटीतलं नाव पण बदला, नाहीतर जुन्या नावाची वाट बघत सगळ्या पुल रिक्वेस्ट अडकून पडतात.

जुना, मोठा प्रोजेक्ट असेल तर पहिल्याच दिवशी हे सगळं लावलं की शेकडो फायली लाल आणि माणसं वैतागणार. तिथं आधी फक्त नव्या फायली तपासा. गिट डिफला नेम-ओन्ली आणि डिफ-फिल्टर कॅपिटल ए असं सांगितलं की मेन या मुख्य शाखेच्या तुलनेत नव्यानं आलेल्या फायलींची नावं मिळतात, ती रियूज लिंट-फाइल या कमांडला द्यायची, नव्या आवृत्त्यांत ती आहे. इथं एक खोच आहे. गिटहबची चेकआउट ॲक्शन मुळात शेवटचा एकच कमिट आणते, त्यामुळं तुलना करायला मेन हाताशीच नसतो आणि डिफ चुकतो. फेच-डेप्थ शून्य दिलं की सगळा इतिहास येतो. जुन्या फायली मग सवडीनं, फोल्डर फोल्डर करत, आणि ज्याला पहिल्यांदा ओपन सोर्समध्ये काही करायचंय अशा वालचंदच्या किंवा कराडच्या कॉलेजातल्या पोराला हे काम द्यायला चांगलं, कारण त्या निमित्तानं तो अख्खा कोड बघतो. फक्त त्याला सांगा, फाइल कुणी लिहिली हे गिट लॉगमध्ये बघून मगच टॅग लाव, अंदाजानं नको.

कर्नलवाल्यांचं स्वतःचं वेगळं आहे, त्यांना रियूज लागत नाही. त्यांची एसपीडीएक्सचेक नावाची पायथॉन स्क्रिप्ट फाइलच्या सुरुवातीच्या काही ओळींत टॅग शोधते आणि तो नीट लिहिलाय का, त्यातली नावं कर्नलच्या लायसेन्सेस फोल्डरमध्ये आहेत का हे बघते. पॅच (पाठवायचा बदल) तपासणारी त्यांचीच चेकपॅच ही स्क्रिप्ट पण टॅग नसला तर कुरकुर करते. कर्नलला पॅच पाठवणार असाल तर त्या दोन्हीतून घालवून मगच पाठवा. आणि स्वतःची तपासणी लिहायची हौस असेल तर लायसन्स-एक्स्प्रेशन नावाची पायथॉन लायब्ररी घ्या, अँड-ऑर-विथ आणि कंसांची वाक्यं फोडायला रेजेक्स (मजकूर शोधायचे नमुने) लिहीत बसू नका.

मशीनला न दिसणारं

वर्षातनं एकदा, किंवा मोठ्या रिलीजच्या आधी, स्कॅनकोड टूलकिट चालवा. हे टॅगवर विश्वास ठेवत नाही, फाइलमधला मजकूर लायसन्सच्या ओळखीच्या मजकुरांशी ताडून बघतं. वर एमआयटी टॅग आणि खाली ऐंशीव्या ओळीत कुणाची तरी जुनी जीपीएलची सूचना राहिलीय, असली प्रकरणं यातच सापडतात. रियूज लिंटसारखं झटपट नाही, मोठ्या रेपोवर चहा पिऊन या, म्हणून प्रत्येक पुल रिक्वेस्टला लावू नका. आणि सापडलं ते सगळं खरं धरू नका, भाषांतराच्या फाइलमध्ये जीपीएल हा शब्द आला तरी ते बोट दाखवू शकतं. जेसनमध्ये रिपोर्ट काढा आणि टॅगशी न जुळणाऱ्या फायलीच फक्त हातानं बघा.

जुळत नाही असं दिसलं तर टॅग बदलून जुळवून घेऊ नका. आधी गिट ब्लेमनं ती ओळ कुणी आणली ते बघा, त्याला विचारा कुठून आणलीस, आणि उत्तर मिळेपर्यंत ती फाइल रिलीजमधनं बाहेर ठेवा. लिहिणारा सापडतच नसेल तर ती फाइल नव्यानं लिहा. पातळी मोजायचं फंक्शन असंय तरी किती, एका संध्याकाळचं काम.

सगळं हिरवं झाल्यावर रियूज एसपीडीएक्स ही कमांड मारली की अख्ख्या प्रोजेक्टची फाइलवार यादी एका फाइलमध्ये निघते, ती रिलीजसोबत जोडून द्या. आणि पॅकेज डॉट जेसन नाहीतर पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये लायसन्सचा जो रकाना असतो तिथं पण हेच एसपीडीएक्सचं नाव टाका, कारण लिंट हा रकाना बघत नाही आणि फायलींत एमआयटी, रकान्यात अपाची असं कितीतरी पॅकेजांत बिनदिक्कत चालू असतं.